शृंगारिक प्रेमकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड आणि बीड या भागांतील वाचक आमच्या छोट्या वाचकगटाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील निवडक प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक चिठ्ठ्या निनावी असतात आणि अक्षर मुद्दाम बदललेले असते, यावरूनच विषयाची अडचण लक्षात यावी. प्रश्नांची भाषा शक्यतो पाठवणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरांतील मते मात्र आमची आहेत.

१. शृंगारिक प्रेमकथा म्हणजे नेमके काय? एसटी स्टँडवर मिळणाऱ्या चावट पुस्तकांपेक्षा ती वेगळी कशी?

दोन माणसांचे प्रेम जुळण्याची हकीकत जिच्या केंद्रस्थानी असते, शेवट समाधानाचा किंवा निदान आशेचा असतो आणि शरीरसंबंधाचे वर्णन दाराबाहेर न थांबता मोकळेपणाने येते, ती शृंगारिक प्रेमकथा होय. चावट पुस्तकात माणसे अदलाबदल करण्याजोगी असतात. शेजारीण, वहिनी, शिक्षिका यांपैकी कोणीही कोणाच्या जागी घातली तरी पानावर फारसे काही बिघडत नाही. चांगल्या शृंगारिक कथेत शय्येवरच्या प्रसंगाआधीचे ते दोघे आणि नंतरचे ते दोघे यांच्यात काहीतरी बदललेले असते: कोणाचा तरी संकोच गेलेला असतो, कोणाचे तरी खोटे उघडे पडलेले असते. तो प्रसंग वगळून पाहावा. वगळल्यावरही कथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर तो केवळ भरीसाठी घातलेला होता असे समजावे.

२. हे सगळे इंग्रजी पुस्तकांचे अनुकरण आहे ना? आपल्या मातीत असे कधी होते का?

आजचा साचा, म्हणजे ठरावीक लांबी, ठरावीक वळणे आणि सुखान्ताची हमी, हा मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतील प्रकाशन व्यवसायातून आला, हे खरे आहे. परंतु शृंगार मात्र बाहेरून आलेला नाही, आणि मराठवाड्याच्या वाचकाने तरी हा आरोप करू नये. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जाणारा ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह त्याच परंपरेतला आहे. त्यातील असंख्य गाथांमध्ये स्त्री बोलते आणि तिच्या इच्छेबद्दल बोलते. परभणी जिल्ह्यातील बोरीच्या भास्करभट्टांची गोष्ट तर आमच्या गटात नेहमी निघते. महानुभाव पंथातील या कवीने ‘शिशुपाळवध’ लिहिले, तेव्हा ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु शृंगारामुळे विरक्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्यांना आपल्याच पंथातून मिळाला, आणि त्यानंतर त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली असे परंपरा सांगते. म्हणजे ‘पुस्तक चांगले आहे, पण जरा जास्तच झाले’ हा शेरा आपल्याकडे सहाशे-सातशे वर्षे जुना आहे. औरंगाबादच्या वली आणि सिराज यांच्या गझला व तमाशाच्या फडांवरील लावण्या यांचा हिशेब तर येथे मांडलेलाच नाही.

३. या कथांमध्ये लोकांना एवढे आवडते तरी काय? फक्त ‘ते’ प्रसंगच ना?

त्या प्रसंगांचे आकर्षण असते, आणि ते नाकारणे हा ढोंगीपणा होईल. तथापि केवळ तेवढेच हवे असते, तर मोबाइलवर त्यासाठी चारशे पाने वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नसते. वाचकांशी बोलल्यावर, विशेषतः स्त्रियांशी, आम्हांला जे कळले ते असे की या कथांत नायिकेकडे कोणीतरी अतिशय लक्षपूर्वक पाहत असते. तिला चहा कसा लागतो, ती कशाने चिडते, तिच्या मानेवर कोठे तीळ आहे, हे नायकाला ठाऊक असते. दिवसभर घरातील प्रत्येकाच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या आवडीनिवडी कोणीतरी लक्षात ठेवल्याचे वाचायला मिळणे, ही साधी बाब नाही. आमच्या गटातील एका शिक्षिकेने सांगितले की तिला शय्येच्या प्रसंगापेक्षा नायक नायिकेचे बोलणे मध्ये न तोडता ऐकतो, ते पान अधिक मादक वाटते. सगळे हसले, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. अमेरिकेतील अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी तेथील एका गावातील प्रेमकथांच्या वाचक स्त्रियांशी बोलून १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांसाठी पुस्तक हातात धरणे म्हणजेच ‘हा वेळ माझा आहे’ असे घरच्यांना सांगणे होते, हे त्यातून पुढे आले. आपल्याकडे पुस्तकाची जागा मोबाइलने घेतली आहे. मुखपृष्ठ कोणाला दिसत नाही, ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी कथा भागाभागाने मिळते आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या अवधीत एक भाग वाचून होतो.

तिसरे कारण असे की या कथांत इच्छा असलेल्या स्त्रीला शिक्षा होत नाही. आपल्या कितीतरी गंभीर, मान्यवर कादंबऱ्यांमध्ये नवऱ्याखेरीज कोणाकडे ओढल्या गेलेल्या बाईच्या वाट्याला शेवटी विहीर, वेड किंवा वैराग्य येते. शृंगारिक प्रेमकथेत ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठते, दात घासते आणि कामाला जाते. आमच्या मते या प्रकाराचा खरा बंडखोरपणा येथे आहे, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

४. शेवट गोडच होणार हे आधीच माहीत असते. मग वाचायचे कशाला?

कीर्तनाला बसलेल्या माणसालाही रुक्मिणीचे हरण होणार हे ठाऊकच असते. कसे होते, हे ऐकायला तो बसतो. शेवटाची खात्री असल्यामुळेच वाचक मधल्या दुःखाच्या जागी निर्धास्तपणे थांबू शकतो.

५. तोच प्रसंग इंग्रजीत वाचला तर काही वाटत नाही, मराठीत वाचला की कानकोंडे होते. असे का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येतो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. थोडा दोष आपल्या संकोचाचा आहे: परक्या भाषेतील शब्द आपल्याला आईच्या आवाजात ऐकू येत नाहीत. परंतु मोठा दोष लेखनाचा आहे. मराठीत शरीराबद्दल लिहू पाहणाऱ्यापुढे शब्दांचे तीन ढीग असतात. पहिला संस्कृत शब्दांचा. तो पाठ्यपुस्तकाचा किंवा दवाखान्यातील तक्त्याचा वाटतो. दुसरा रस्त्यावरचा, त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द शिवी म्हणून वापरून इतका मळलेला असतो की प्रेमाच्या प्रसंगी तो उच्चारताच प्रेम निघून जाते. तिसरा इंग्रजीतून उचललेला. त्याने लाज झाकली जाते, परंतु नायक-नायिका कोणत्या तरी जाहिरातीतून आल्यासारखी वाटू लागतात. प्रेमाने, घरगुतीपणाने आणि अपमान न करता शरीराचे नाव घेणारे शब्द फार थोडे आहेत. जे आहेत ते बायकांच्या आपसांतील बोलण्यात, ओव्यांत आणि उखाण्यांत राहिले; छापील गद्यात ते फारसे आलेच नाहीत.

परिणाम असा होतो की सत्तर पानांपर्यंत ‘काय बघायलास रे?’ असे मोकळे बोलणारी लातूरची नायिका एकाहत्तराव्या पानावर अचानक कोशातील मराठी बोलू लागते. एका बैठकीत आम्ही असाच एक उतारा मोठ्याने वाचला. ‘नितंब’ हा शब्द आला आणि मागच्या बाजूला बसलेल्या दोन आजीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या लाजल्या असाव्यात असे आम्हांला वाटले. प्रत्यक्षात त्यांना हसू आवरत नव्हते.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो पैठणच्याच वारशात आहे. गाथासप्तशतीत एक प्रसिद्ध गाथा आहे. पाणपोईवर एक तरुणी वाटसरूला पाणी पाजते आहे. तिच्याकडे अधिक वेळ पाहता यावे म्हणून तो ओंजळीची बोटे विरळ करतो आणि पाणी गळू देतो. तीही आपली धार बारीक, आणखी बारीक करत जाते. एकाही अवयवाचे नाव नाही, स्पर्श नाही, आणि तरीही दोघांची संमती, चोरटेपणा आणि ओढ यांतले काही सांगायचे राहिलेले नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब जपणाऱ्या आपल्या मुलखात तर ते गळणारे पाणी किती मोठी उधळपट्टी आहे, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. मोकळे वर्णन करू नये असा याचा अर्थ नाही. वर्णनाभोवतीच्या वस्तू त्या माणसांच्या असाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे. माळवदावर अंथरलेली वाकळ, लाइट गेल्यावर बंद पडलेला कूलर, काढून उशाशी ठेवलेल्या बांगड्या एवढ्या गोष्टी पानावर आल्या की शब्दांची टंचाई निम्म्याने कमी होते.

६. नायक नेहमी कोट्यधीश उद्योगपतीच का असतो? आणि लग्न नेहमी कराराचेच का?

पैशामुळे लेखकाचे काम सोपे होते म्हणून. श्रीमंत नायकाला कामावर जाण्याची घाई नसते, त्याच्या आईला गुडघेदुखी नसते आणि त्याच्या घराला भरपूर खोल्या असतात. कराराचे लग्न दोन अनोळखी माणसांना एका छताखाली आणून ठेवते; खरे तर आपल्याकडील ठरवून केलेले लग्नही हेच करते, आणि तेही करार न करता.

येथे या प्रकाराचा एक मोठा तोटा दिसतो. ज्या वाचकांसाठी या कथा लिहिल्या जातात, त्यांच्या आयुष्यातील प्रेमाची खरी अडचण, म्हणजे एकांताचा अभाव, या कथांतून पूर्णपणे पुसली जाते. दोन खोल्यांचे घर, मधल्या खोलीत सासू, कडी नसलेले दार, उन्हाळ्यात सगळे घर माळवदावर झोपायला, आणि दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला गेल्यावर उसाच्या फडाशेजारची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. एवढ्या अडचणींतून दोन माणसे एकमेकांपर्यंत पोहोचतात, ही खरी शृंगारकथा आहे. ती अजून कोणी नीट लिहिलेली आमच्या वाचनात नाही. उंच इमारतीतील काचेची भिंत आणि गुलाबाच्या पाकळ्यांची शय्या यांच्या शंभर नकला मात्र आम्ही वाचल्या आहेत.

७. नायिका ‘नाही’ म्हणते तरी नायक ऐकत नाही, अशा कथा मला आवडतात. माझ्यात काही दोष आहे का?

नाही. कल्पनेत लगाम वाचणाऱ्याच्या हाती असतो. नको वाटले की पुस्तक मिटता येते. वास्तवातील जबरदस्तीत नेमकी हीच सोय नसते. इच्छा व्यक्त करण्याबद्दल लहानपणापासून अपराधी वाटायला शिकवलेल्या वाचकाला ‘मी मागितले नाही, ते आपोआप घडले’ ही रचना सोयीची वाटते, यात आश्चर्य नाही.

दोष शोधायचाच असेल तर तो वाचकात न शोधता कथेत शोधावा. नायकाच्या पाळत ठेवण्याला काळजी म्हणणे, मोबाइल तपासण्याला प्रेम म्हणणे, दंडावर उमटलेल्या वळाला ओढीची खूण म्हणणे, ही शब्दांची अफरातफर आहे. कथेला आपण काय दाखवतो आहोत याची जाण असेल, तर ती कोठेतरी नायिकेला त्याचा हिशेब मागू देते. जाण नसेल तर शेवटी लग्न लावून सगळा हिशेब मिटवला जातो. अशा कथा आमच्या गटात आम्ही वाचतो, पण त्यांची तारीफ करताना हात आखडता घेतो.

८. यातील शारीरिक माहिती खरी मानावी का? माझे लग्न पुढच्या महिन्यात आहे.

मानू नये. पहिल्या रात्री रक्तस्राव झालाच पाहिजे, ही समजूत या कथांनी जिवंत ठेवली आहे आणि ती चुकीची आहे. अनेक स्त्रियांना रक्तस्राव होत नाही, आणि तो होणे वा न होणे यावरून पूर्वी संबंध आला होता की नाही हे ठरवता येत नाही. दोघांना एकाच क्षणी परमोच्च सुख मिळणे, स्त्रीला केवळ संभोगाने दर वेळी ते मिळणे, अजिबात न थकणारा नायक, हे सारे कथेच्या सोयीसाठी असते. स्त्रीच्या मनात इच्छा आधी जागते आणि मग स्पर्श सुरू होतो, असेच नेहमी घडत नाही. पुष्कळदा जवळीक सुरू झाल्यानंतर इच्छा जागी होते, आणि हे पूर्णपणे स्वाभाविक आहे.

सर्वांत ठळक गैरहजेरी निरोधाची असते. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, प्रेमकथा जास्त वाचणाऱ्या विद्यार्थिनींचा निरोधाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक नकारात्मक असल्याचे आढळले. त्याच संशोधनात हेही दिसले की कथेतच सुरक्षित संबंधांचा उल्लेख घातला, तर वाचकांचा दृष्टिकोन सुधारतो. म्हणजे दोन ओळी घातल्याने मादकता कमी होण्याची भीती लेखकांनी बाळगू नये.

माहिती हवी असेल तर ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किंवा लैंगिक शिक्षणाच्या चांगल्या पुस्तकातून घ्यावी. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून हेच काम मराठीत केले. त्यासाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

९. बायको अशा कथा वाचते. ती माझी तुलना त्या नायकाशी करत असेल का?

करत असेलही. तिला त्यातले काय आवडते हे तिलाच विचारावे. उत्तर बहुधा पैशाचे किंवा पोटाच्या घड्यांचे नसते (प्रश्न ३ पाहावा). एका गृहस्थांनी हा सल्ला मानला आणि नंतर कळवले की बायकोला एवढेच हवे होते की त्यांनी जेवताना मोबाइल उलटा ठेवावा.

१०. पुरुष वाचतात का?

वाचतात, परंतु सांगत नाहीत. गटात ‘मित्रासाठी विचारतो’ अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठ्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या असतात.

११. दहावीतील मुलगी मोबाइलवर अशी कथा वाचताना सापडली. काय करावे?

मोबाइल हिसकावून घेऊ नये आणि आजी-आजोबांसमोर विषय काढू नये. प्रौढांसाठीचे लेखन प्रौढांसाठीच असते, हे शांतपणे सांगावे आणि मर्यादा अवश्य घालावी. परंतु कुतूहल हा गुन्हा नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे. आठव्या प्रश्नाच्या उत्तरातील चुकीच्या समजुती आणि सातव्यातील पाळत ठेवणारा नायक, या दोन गोष्टींवर आईने किंवा मावशीने तिच्याशी बोलावे. मुलगा सापडला तरी हेच करावे. त्याला मात्र बहुतेक घरांत एक धपाटा आणि मग मौन एवढेच मिळते, आणि ते पुरेसे नाही.

१२. मला टोपणनावाने अशा कथा लिहायच्या आहेत. हा गुन्हा ठरतो का?

शृंगार लिहिणे हा गुन्हा नाही. अश्लील मजकूर विकणे, वाटणे किंवा प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. छापील मजकुराला पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९२ लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ लागू आहे. मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलमे ६७ आणि ६७-अ लागू होऊ शकतात, आणि त्यांतील शिक्षा अधिक कडक आहे. साहित्य, कला किंवा विज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला कायद्यात अपवाद आहे. मात्र तो सिद्ध करावा लागतो.

मराठी लेखकांना या बाबतीत एक मोलाचा आधार आहे. लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर यांच्यावर १९६२ मधील दिवाळी अंकात आलेल्या कथेवरून खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. त्याच न्यायालयाच्या २०१४ मधील निकालाने तर एखादा उतारा सर्वांत दुबळ्या मनावर काय परिणाम करील ही जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली. आता संपूर्ण संदर्भ आणि समकालीन समाजाची धारणा पाहिली जाते. टोपणनाव घेतल्याने शेजारी ओळखत नाहीत. पोलिसांच्या बाबतीत तसा भरवसा धरू नये. एखाद्या विशिष्ट कथेबद्दल शंका असल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा.

१३. नायिका सतरा वर्षांची आहे, पण कथेत तिचे लग्न झालेले आहे. मग तर चालेल ना?

चालणार नाही. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब बालकांचे लैंगिक चित्रण करणाऱ्या मजकुरालाही लागू होते. ज्या मराठवाड्यात ऊसतोडीला जाण्यापूर्वी अल्पवयीन मुलींची लग्ने अजूनही उरकली जातात, तेथे हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. अशा कथा आमच्या गटात स्वीकारल्या जात नाहीत आणि त्यावर चर्चाही होत नाही.

१४. आवडत्या नटाला किंवा इतिहासातील राजाला नायक करून लिहिले तर?

हयात व्यक्तीच्या बाबतीत बदनामीचा आणि खासगीपणाचा प्रश्न येतो; नाव बदलून आणि ओळख पुसून लिहावे. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. लातूरच्या न्यायालयातून वर गेलेल्या एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले की अशा व्यक्तींच्या तोंडी अश्लील भाषा घातली, तर अश्लीलतेची कसोटी अधिक काटेकोरपणे लावली जाईल. बाराव्या प्रश्नातील उदार निकालांवर भिस्त ठेवून येथे पाऊल टाकू नये.

१५. एखादी कथा वाचण्याजोगी आहे हे पटकन कसे ओळखावे? यादी द्याल का?

यादी देत नाही, कारण एकाचा शृंगार दुसऱ्याला हास्यास्पद वाटतो. आमची एक सवय मात्र सांगतो. पहिला शृंगारिक प्रसंग शोधावा, तो तसाच ठेवून त्यानंतरची दोन पाने वाचावीत. सकाळ झालेली असते. ते दोघे एकमेकांशी काय बोलतात, चहा कोण ठेवते, आणि रात्री जे घडले त्याबद्दल कोणी एक शब्द तरी काढते का, हे पाहावे. ती दोन पाने लेखकाने गाळलेली असतील आणि पुढचे प्रकरण थेट पुढच्या रात्रीच सुरू होत असेल, तर आम्ही पुस्तक परत करतो.